संगणकाचे पाणी आणि घरातली झोप

संगणकाला पाण्याने थंड ठेवावे की नाही, हा प्रश्न आता केवळ हौशी मुलांचा राहिलेला नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांसाठी साच्यांची चित्रे घरी बसून काढणारे, लग्नाच्या चित्रफिती जोडून देणारे, बांधावयाच्या घरांची चित्रे रंगवून देणारे असे पुष्कळ तरुण आज आपल्या छत्रपती संभाजीनगरात आहेत. त्यांचे दुकान म्हणजे घरातलाच एक कोपरा, आणि घर म्हणजे बहुधा दोन खोल्या. बाप तिसरी पाळी करून सकाळी आठाला अंथरुणावर पडतो आणि नेमका त्याच वेळी मुलाचा संगणक जोर धरतो; त्याचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे ओरडू लागतात. मुलगा म्हणतो, काम थांबले तर पैसे थांबतील. बाप म्हणतो, झोप झाली नाही तर रात्री प्रेसवर बोट जाईल. दोघेही खरेच बोलत असतात. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. या विषयाकडे आम्ही वळलो ते अशा घरगुती तंट्यांमुळे, यंत्राच्या कौतुकाने नव्हे.

कायद्याकडे पाहावे तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. पण कायद्याची रात्र दहा ते सहा. तिसऱ्या पाळीच्या माणसाची रात्र सकाळी आठाला सुरू होते, तिची दखल कोणी घेतलेली नाही. तेव्हा ही शांतता घरातच आणि आपल्याच हाताने निर्माण करावी लागते.

अशा वेळी दुकानदार सांगतो, ‘पाण्याचा कूलर बसवा, आवाज बंद होईल.’ त्याची किंमत सुमारे पाचसहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत असते. म्हणजे काही घरांत पंधरा दिवसांचा पगार. इतके पैसे देण्यापूर्वी हे पाणी नेमके काय करते ते समजून घेणे बरे.

पहिला गैरसमज त्या ‘कूलर’ शब्दानेच होतो. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघर जो कूलर लागतो, त्याच्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवरून पाणी ओघळते, पंखा त्यांतून हवा ओढतो, पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि खोलीत बाहेरच्यापेक्षा गार झोत येतो. संगणकातले पाणी असे वागत नाही. ते बंद नळीत गोल फिरते. त्याची वाफ होऊ द्यावयाची नसते. म्हणूनच ते खोलीतल्या हवेपेक्षा गार कधीही होऊ शकत नाही. मे महिन्यात खोलीत ४० अंश असले तर नळीतले पाणी चाळिसाच्या वरच राहणार, जोराचे काम चालू असता पन्नाशीही गाठणार. यात घाबरण्यासारखे काही नाही. आजकालचे प्रोसेसर सर्वसाधारणपणे ९५ ते १०० अंशांपर्यंत तग धरतात आणि त्यापुढे आपण होऊन वेग कमी करतात. पन्नास अंशांचे पाणी आपला हात पोळवील, प्रोसेसरला मात्र ते गारच.

मग पाणी करते तरी काय? ते हमाली करते. एका ठिकाणची उष्णता उचलावयाची आणि दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकावयाची, एवढेच त्याचे काम. हमाल म्हणून ते फार तगडे आहे. हवा जेवढी उष्णता वाहून नेते तिच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता तितक्याच आकारमानाचे पाणी नेऊ शकते. हिशेबच करून पाहू. जोराचे काम करणारा प्रोसेसर २०० वॅट उष्णता देतो असे धरा, म्हणजे जुन्या पिवळ्या शंभराच्या दोन दिव्यांएवढी, आणि तीही काड्यापेटीपेक्षा लहान जागेतून. नळीतून मिनिटाला एक लिटर पाणी जात असेल तर एवढा भार उचलूनही ते एका फेरीत जेमतेम तीन अंशांनी तापते. म्हणजे हमाल कमी पडत नाही. अडचण आहे ती माल उतरविण्याच्या धक्क्यावर. तो धक्का म्हणजे रेडिएटर, मोटारीच्या पुढच्या बाजूला असतो तसाच, पातळ पत्र्यांच्या दाट घड्यांचा. तेथे पाण्याकडून उष्णता घ्यावयाची ती अखेर हवेनेच, आणि हवा ढकलावयाची ती पंख्यानेच. पाणी आणले म्हणून पंखा सुटला नाही. त्याची जागा तेवढी बदलली.

मग फायदा कोठे? फायदा हा की धक्का हवा तेवढा मोठा करता येतो. प्रोसेसरच्या डोक्यावर मोठा पंखा बसविण्यास जागा नसते. नळीने उष्णता डब्याच्या कडेला नेली की तेथे दोन किंवा तीन पंखे ओळीने लावता येतात आणि प्रत्येकाला सावकाश फिरविता येते. शांततेचे सारे गुपित या ‘सावकाश’ शब्दात आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की त्यातून जाणारी हवा निम्मी होते. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आता एका पंख्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने चालवा. हवा पूर्वीएवढीच मिळाली. दोन पंखे म्हणून आवाजात ३ डेसिबलची भर पडली, तरीही निव्वळ १२ डेसिबलची बचत झाली. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या बचतीचे मोल कळेल. एकाच माणसाला दुप्पट पळविण्यापेक्षा दोन माणसांना बेताने काम दिले तर काम तेवढेच होते आणि आरडाओरडा थांबतो, हे आम्ही व्यवस्थापकांना वर्षानुवर्षे सांगत आलो. पंख्यांच्या बाबतीत तर त्याचा आकडाही देता येतो.

पाणी संगणकाला स्पर्श न करता त्याची उष्णता कशी घेते, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर आपल्या गावातच आहे. पाणचक्कीचा लांबट हौद सर्वांनी पाहिला आहे. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. वर पाणी, खाली माणसे. पाण्याचा थेंब अंगावर न पडताही दालन उन्हाळ्यात गार राहते, कारण छत पाण्याला लागून आहे. प्रोसेसरवर बसणारी तांब्याची चकती म्हणजे हेच छत. तिच्या एका अंगाला प्रोसेसर टेकलेला, दुसऱ्या अंगाला बारीक खाचांतून पाणी वाहते. मध्ये तांबे असल्याने दगडापेक्षा काम कितीतरी वेगाने होते, इतकाच फरक.

पाणचक्कीकडून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे आणि तो थेट आवाजाशी निगडित आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी या गावाला नहरीने पाणी आणले. पुढे पाणचक्कीसाठीही कित्येक मैलांवरच्या डोंगरातून खापरी नळांनी पाणी आणले गेले. बंद नळातून पाणी आणणाऱ्याला एका शत्रूशी सामना करावा लागतो, तो म्हणजे नळात अडकलेली हवा. हवा उंचवट्यावर जाऊन बसते, पाण्याची वाट अडविते आणि गुडगुड करते. म्हणून वाटेत उंच खांब उभारून हवेला वर निघून जाण्यास जागा करून द्यावी लागते. कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळावर अशी जी बांधकामे आहेत त्यांना ‘उच्छ्वास’ असे नेमके नाव आहे. संगणकाच्या नळीतही थोडी हवा असतेच. ती सर्वांत उंच जागी जमणार. ती जागा पंप असेल तर पंप हवा चावू लागतो. खडखड, बुडबुड ऐकू येते आणि पंपाचे आयुष्यही घटते. ती जागा रेडिएटरचा वरचा कोपरा असेल तर हवा तेथे मुकाट्याने पडून राहते. म्हणून नियम असा की रेडिएटर डब्याच्या छताला लावावा. ते जमत नसेल तर पुढच्या बाजूला उभा लावावा, नळ्या खालच्या अंगाला घ्याव्या आणि त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच ठेवावे. रेडिएटर डब्याच्या तळाला आणि पंप त्याच्या वर, अशी मांडणी कोणी फुकट करून दिली तरी घेऊ नये. नव्या यंत्रात पहिले दोनतीन दिवस थोडी खळखळ होते. यंत्र चालू असताना डबा सावकाश पुढेमागे कलता केला की हवा आपल्या उच्छ्वासात जाऊन बसते.

पाण्याने संगणक थंड ठेवणे ही काही कालची टूम नव्हे. आयबीएमचे १९८० साली जाहीर झालेले ३०८१ हे मोठे यंत्र पाण्यावरच चालत असे. आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ या सी-डॅकच्या महासंगणकातही पाणी थेट प्रोसेसरवरच्या चकतीपर्यंत नेलेले आहे. परंतु तेथे पाणी आणले ते थोड्या जागेत दाटीने बसविलेल्या यंत्रांची उष्णता बाहेर काढण्यासाठी. त्या दालनात कोणी झोपत नाही. मोठ्यांनी केले म्हणून आपणही करावे, हा न्याय येथे लागू पडत नाही.

म्हणून पहिला सवाल हाच: आपल्याला पाणी हवे आहे काय? प्रोसेसर ६५ वॅटांचा असेल, काम पत्रव्यवहाराचे, हिशेबाचे किंवा साध्या चित्रांचे असेल, तर पाण्याच्या भानगडीत पडण्याचे कारण नाही. दोन ते चार हजारांत मिळणारा उभा मनोऱ्यासारखा हवेचा कूलर, १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा असलेला, हे काम निमूटपणे करतो. गंमत अशी की त्यातही पाणीच आहे. त्याच्या तांब्याच्या बंद नळ्यांत किंचित पाणी असते. खाली त्याची वाफ होते, वर ती पुन्हा पाणी होऊन परत येते, आणि हे सारे पंपावाचून चालते. जेथे पंपच नाही तेथे पंपाचा आवाज कोठला? नवशिक्यांपैकी दहांतल्या सातांना आम्ही हाच घ्या म्हणून सांगू. दुकानदाराला हे आवडत नाही.

पाणी घ्यावे ते दीडदोनशे वॅटांचा भार तासन् तास चालणार असेल तेव्हा, किंवा डबा इतका बुटका असेल की मनोरा मावणार नाही तेव्हा. घ्यावयाचे तर कारखान्यातून भरून आणि सील करून आलेले बंद यंत्र घ्यावे. एकाच पंख्याचा १२० चा रेडिएटर बहुतेक वेळा व्यर्थ. त्यात पंप आला आणि धक्का मात्र वाढला नाही. दोन पंख्यांचा २४० चा हा खालचा पायरीदगड समजावा. डब्यात जागा असेल तर २८० चा पाहावा. दोन १४० चे पंखे असल्याने त्याचे क्षेत्रफळ २४० च्या मानाने तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक भरते, आणि मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा देतो. विकत घेण्यापूर्वी डब्याच्या छताखाली रेडिएटर आणि पंखे मिळून किती जाडी मावते ती पट्टीने मोजावी. पुष्कळ ठिकाणी स्मृतीच्या पट्ट्या आडव्या येतात. डब्याचे तोंड जाळीचे असावे. काचेच्या तोंडाचे डबे दिसावयास झकपक, पण ते आपल्याच पंख्यांचा गळा दाबतात. आणि ते रंगीबेरंगी दिवे! त्यांनी ना उष्णता कमी होते, ना आवाज. वाढते ती किंमत. पंपाचा वेग वेगळा ठरविता येतो की नाही हे मात्र अवश्य विचारावे.

हमीपत्र नीट वाचावे. करार वाचणे हाच आमचा धंदा झाल्यामुळे आम्हांला हे सांगितल्यावाचून राहवत नाही. हमी किती वर्षांची, आणि गळती होऊन शेजारचे भाग बिघडले तर त्यांची भरपाई मिळते काय, ही दोन कलमे शोधावीत. दुकानात तोंडी मिळालेल्या आश्वासनाला पावतीवर उतरविल्याशिवाय अर्थ नाही.

स्वतः नळ्या कापून, टाकी लावून, हौसेने भरावयाची खुली रचनाही असते. नवशिक्याने तिच्या वाटेस जाऊ नये. आपल्या गावाला नळाचे पाणी दिवस मोजून वापरण्याची सवय. त्यामुळे ‘याला रोज किती पाणी लागते हो?’ असे आम्हांला खरोखरच विचारण्यात आले आहे. बंद यंत्रात मुळी तांब्याभरही पाणी नसते आणि ते रोज भरावयाचे नसते. खुल्या रचनेत मात्र भरावे लागते, आणि तेथे नळाचे किंवा बोअरचे पाणी मुळीच चालत नाही. बोअरच्या पाण्यातील क्षार चकतीच्या खाचांत बसतात. एकाच पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम आले की ॲल्युमिनियम गंजून झिजू लागते. कारखान्यातील यंत्रांच्या गार पाण्याच्या टाक्या ज्यांनी साफ केल्या आहेत त्यांना याची फोड करून सांगण्याची गरज नाही.

आता आवाज शमविण्याकडे वळू. प्रथम आवाज कोणाचा ते ओळखावे. कारखान्यातला जुना फिटर पेचकसाचे टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाजवळ धरून कोणते बेअरिंग गेले ते सांगतो. संगणकात लोखंडी टोक घालू नये. लाकडी पेन्सिल बाहेरून डब्याच्या पत्र्याला ठिकठिकाणी लावावी, पंख्याच्या पात्यांपासून दूर. सों सों असा वाऱ्याचा आवाज पंख्याचा. एकसुरी बारीक गुणगुण पंपाची. बुडबुड हवेची. आणि डब्याला हात लावताच जो घुमणे थांबतो तो आवाज पत्र्याचा. त्याला पैसे लागत नाहीत, स्क्रू आवळावा किंवा रबराचे वायसर घालावे. संशय राहिला तर यंत्रावर काम नसताना बायोसमधून एकेका पंख्याचा वेग क्षणभर कमी करून पाहावा, चोर सापडतो.

पंपाचा वेग एकदाच ठरवून स्थिर ठेवावा. पाणी हमाल म्हणून इतके तगडे आहे की पंप पूर्ण वेगाने पळविण्याची गरज क्वचितच पडते. पुष्कळ पंप साठसत्तर टक्क्यांवर गुणगुणणे सोडतात आणि तापमान एकदोन अंशांनीच वाढते. पंख्यांच्या बाबतीत निराळी गोष्ट. मूळ मांडणीत पंखे प्रोसेसरच्या तापमानामागे धावतात. प्रोसेसर क्षणात तापतो, क्षणात निवतो. त्यामुळे पंखे एकदा ओरडतात, एकदा गप्प बसतात. झोप मोडते ती या चढउताराने. अखंड चालणाऱ्या पंख्याखाली माणूस झोपतो, मध्येच शिटी वाजली की दचकून उठतो. पाण्याला तापावयास मिनिट दोन मिनिटे लागतात, म्हणून सोय असेल तर पंखे पाण्याच्या तापमानाला जोडावेत. नसेल तर वेग बदलण्यास काही सेकंदांचा उशीर ठेवावा आणि वेगाची चढण सावकाश करावी.

सर्वांत स्वस्त उपाय शेवटी सांगतो, कारण आधी सांगितला तर कोणी मानीत नाही. उष्णताच कमी निर्माण करावी. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढतेच, शिवाय दाबाच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. आणि शेवटचा थोडासा वेग मिळविण्यासाठी दाब बराच चढवावा लागतो. बायोसमध्ये विजेची मर्यादा थोडी खाली आणली की काम किंचित लांबते, उष्णता मात्र भरपूर उतरते. सकाळी आठ ते दुपारी दोन ही मर्यादा लावून ठेवली आणि चित्र पुरे होण्यास तासाऐवजी सत्तर मिनिटे लागली, तर दहा मिनिटांत कोणाचे दिवाळे निघत नाही. ग्राफिक्स कार्डालाही हेच लागू. किंबहुना पुष्कळ घरांत खरा गोंगाट त्याचाच असतो आणि दोष प्रोसेसरच्या पाण्याला दिला जातो. दुकानात जाण्यापूर्वी एवढे तपासून पाहिले तर कदाचित दुकानात जावेच लागणार नाही.

डबा लोखंडी कपाटावर किंवा खाटेला टेकलेल्या मेजावर ठेवू नये. पत्रा आणि पाटी आवाज वाढवून देतात. जाड रबराच्या तुकड्यांवर ठेवावा, पण खालची हवा अडू देऊ नये. सतरंजीवर ठेवला तर नेमके तेच होते. पडदा आणि कळफलक यांना लांब तार जोडून डबा खिडकीपाशी किंवा दाराबाहेरच्या बंद ओट्यावर नेता आला तर हजारो रुपयांच्या कूलरपेक्षा तो उपाय सरस. स्वयंपाकघरात मात्र नको. फोडणीचे तेल जाळीवर बसते. चारशे वॅटांचे यंत्र बंद खोलीत चार तास चालले की खोलीच तापते, आणि खोली तापली की पंख्यांना पळावेच लागते. खिडकी उघडी ठेवावी. कूलरचा झोत डब्यावर सरळ येऊ देऊ नये, त्याबरोबर खारे तुषार उडतात. वीज गेली तर चिंता नाही; संगणकाबरोबर पंप थांबतो आणि उष्णता निर्माण होणेही थांबते.

आपल्याकडची धूळ ठाऊकच आहे. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला जाळी आणि दर दोन महिन्यांनी रेडिएटरच्या घड्या मऊ कुंचल्याने झाडाव्या. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. बंद यंत्रातले पाणी नळीच्या रबरातून फार हळू का होईना उडून जाते आणि त्याची जागा हवा घेते. त्यामुळे पाचसहा वर्षांनी गुडगुड पुन्हा सुरू होते, डबा कलता करूनही ती जात नाही आणि तापमान चढू लागते. तेव्हा ते यंत्र बदलावे. त्याचे पंखे चांगले असतील तर काढून ठेवावेत. ते पुढच्या रेडिएटरवर किंवा डब्याच्या मागच्या तोंडाला आणखी काही वर्षे काम देतात.